रमणच्या जीपची डिस्क

आमचं घर आणि भाऊंचं दुकान यांच्यामध्ये शेणामातीने लिंपलेला कारवीचा कूड होता, आणि आवाज त्यातून असा यायचा की मध्ये काही नाहीच. तलासरीच्या नाक्यावरून आत वळलं की पहिलं दुकान आमचं. पुढे पत्र्याखाली लेथ मशीन, मागे दोन खोल्या, त्यामागे चुलीची पडवी आणि मग सरळ भातखाचरं. वडिलांना मी भाऊ म्हणायची, बाकी सगळे मिस्त्री म्हणायचे. आई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची आणि पलीकडे मशीन फिरत असायचं. मशीनवर काय लागलंय ते आम्हा दोघींना न बघता कळे. पंपाचा शाफ्ट असला तर लांब, आळसट आवाज. पितळेचा बुश असला तर बारीक चरचर, तव्यात सुका बोंबील टाकल्यासारखी. आणि गाडीच्या ब्रेकची डिस्क असली तर सुरुवातीला आवाज तुटक तुटक येई, कारण टूल फक्त उंचवट्यांना लागे. मग दोन्ही बाजू सपाट होत गेल्या की तो जुळून एकसंध व्हायचा. तो जुळला की आई ताट मांडायला घ्यायची. भाऊ हात धुऊन आले तरी त्यांच्या नखांत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी भुकटी असायचीच. लहानपणी मला वाटायचं, भाताला थोडी लोखंडाची चव असते. सगळ्यांच्याच घरी असते.

पुढच्या चाकांना डिस्क असलेल्या जीपा तेव्हा आमच्याकडे नव्यानेच यायला लागल्या होत्या. पेडल पायाखाली थरथरतं, ब्रेक दाबला की किंचाळतो, अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर येत, आणि प्रश्न ठरलेला असे: लेथवर फिरवून सपाट केली तर चालेल की बदलायची? भाऊ डिस्क हातात घेऊन आधी कडेपासून मधोमध अंगठ्याचं नख ओढत. नख चरात अडकलं तर लेथवर घ्यायची. मग ती दोरीला टांगून तिच्यावर हलकेच पाना मारत. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर कुठेतरी तडा, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. निळे डाग असले तर ती फार तापलेली, तिचा भरवसा नाही. आणि शेवटी माप. डिस्कवर कारखान्याने ओतलेला एक आकडा असतो, त्याच्याखाली जाडी गेली की ती टाकूनच द्यायची. भाऊंची जवळची नजर लवकर अधू झाली होती, म्हणून मायक्रोमीटरवरचा आकडा वाचायचं काम त्यांनी मला शिकवलं. "कुंदा, बघ गं," म्हणत, आणि मी पाटी-दप्तर ठेवून यायची. चष्मा लावला की त्यांनाही दिसायचं, पण माझ्याकडून ऐकायला त्यांना आवडायचं. गुजरातकडचे ड्रायव्हर घाईत असत. "चालशे ने, मिस्त्री?" म्हणत. भाऊ मान हलवत. "खुणेपर्यंत नेऊन नाही चालत. खुणेच्या वर थोडी ठेवायची. गाडी काय दुकानातच थांबणार आहे का, पुढे झिजणार आहेच ना." हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की शाळेत बाई काही विचारत तेव्हाही ते माझ्या ओठांवर येई.

रमण कैनाडचा. डहाणू स्टेशन ते तलासरी अशी त्याची जीप चालायची, वाटेत रानशेतचा उतार. तो दुकानात आला की आधी मागे येऊन आईला हाक मारायचा, कारण आई किनाऱ्यावरच्या वरोरची आणि रमण तिला तिच्या माहेरून सुकी मासळी आणून द्यायचा. एका उन्हाळ्यात, लग्नाचे दिवस होते, तो पेडल थरथरतं म्हणून आला. डावी डिस्क काढली. नख अडकत होतं. वाजली छान. मी माप वाचलं. फिरवली तर ती खुणेच्या वर राहणार होती, पण भाऊ एरवी जेवढी ठेवत त्याहून कमी.

"नियमात बसते," भाऊ म्हणाले, "मनात बसत नाही. वापीवरून नवी मागवू."

"कवा येल ती?"

"आठवडा लागेल."

"आठवडाभर गाडी नाय लावू शकत, मिस्त्री. समद्या पाड्यांवर लग्नं हायत. फिरवा आता. पाऊस लागला की नवी घालू."

भाऊ बराच वेळ डिस्क हातात घेऊन बसले. मग उठून त्यांनी ती लेथच्या चकवर चढवली. आवाज जुळला तेव्हा आईने रमणलाही ताट वाढलं. त्या दिवशी शेवळांची रानभाजी नव्हती, अजून पावसाला अवकाश होता, कैरी घातलेलं सुक्या जवळ्याचं कालवण होतं. रमणने भाकरी मागून घेतली, हे मला आठवतं. पुढे आई हे फार वेळा बोलायची, की त्याने मागून घेतली, आणि मी वाढली.

लग्नसराई संपता संपता रमण रानशेतच्या उतारावर अपघातात गेला. भाडं सोडून एकटाच परतत होता. भर दुपार, रस्ता कोरडा. जीप वळणावर वळलीच नाही, सरळ ओढ्यात उतरली. वरच्या शेतात बायका होत्या. एक म्हणाली, जनावर आडवं आलं. दुसरी म्हणाली, काहीच नव्हतं, गाडी सरळ चालत गेली, कोणी बोलावल्यासारखी. पंचनामा झाला, अपघात म्हणून कागद मिटले. जीप ठेवायला रमणच्या पाड्यावर रस्ता धड नव्हता, म्हणून त्याच्या भावाने, शिणवारने, ती ओढून आणून आमच्या दुकानासमोर चिंचेखाली लावली. तोंड आमच्या दाराकडे.

सगळा पावसाळा ती तिथेच होती. काच फुटलेली, एक दरवाजा खिळखिळा झालेला; वारा आला की तो दरवाजा हळूच उघडायचा आणि हळूच लागायचा, कोणी उतरतंय असं वाटे. आमच्या कोंबड्या पहिले काही दिवस तिच्याखाली गेल्या नाहीत, मग जाऊन अंडी घालायला लागल्या, आणि ती अंडी आईने कधी घरात घेतली नाहीत. आईने दाराला गोणपाटाचा पडदा लावला. भाऊंनी आपलं बसायचं स्टूल फिरवून जीपकडे पाठ केली. आई त्यांना म्हणायची, "अहो, एकदा चाक उघडून बघा. जे असेल ते कळेल." भाऊ म्हणत, "उद्या." हातात पाना घेऊन जीपपर्यंत जाताना मी त्यांना पाहिलंय. चाकाशी उकिडवे बसत, नटाला हात लावत, आणि उठून परत येत. आत डिस्क होती. तिला तडा गेला असेल तर रमणला भाऊंनी मारलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. उघडलं नाही तोवर दोन्ही शक्य होतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये ते राहत होते.

त्यांनी डिस्क फिरवणं बंद केलं. कोणीही आणली, कितीही चांगली असली तरी म्हणत, "बदला." नख नाही ओढलं, मापलं नाही. लोक हसायला लागले, मिस्त्रीला वापीवाले काही देतात वाटतं, म्हणायला लागले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भाऊ दुकानात पडलेल्या जुन्या डिस्का एकेक करून दोरीला टांगत आणि वाजवत. चांगली वाजलेली पुन्हा वाजवत. कुडापलीकडून तो आवाज यायचा, आणि मी पुस्तक उघडून बसलेली असायची, आणि एकही ओळ पुढे जायची नाही. आता एवढ्या वर्षांनी, मध्यंतरी माझी गाडी इथे डहाणूच्या गॅरेजमध्ये दिली होती. तिथला मेकॅनिक पोरगा म्हणाला, "मॅडम, डिस्क घासून घेऊ की नवी टाकू?" साधा प्रश्न. मी म्हटलं, तू ठरव, आणि बाहेर जाऊन उभी राहिले. पन्नाशी उलटली माझी.

भातकापणी झाली आणि एका बाजाराच्या दिवशी लखमी आली, रमणची बायको. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. पाठीला लहान मुलगी बांधलेली. आत आली नाही, जीपपाशीच उभी राहिली.

"मिस्त्री, गाडी उघडा."

भाऊंनी स्टूल सोडलं नाही. "उघडून काय होणार, बाई? माणूस थोडाच परत येणार."

"माणूस नाय येणार. पण मना पाड्यावर राहायचं हाय."

आईने तिला हात धरून पडवीत आणलं, चहा दिला. मग ती बोलली. रमण गेल्यावर शिणवारची म्हैस मेली. मग त्याचं पोर तापाने फणफणलं, ते कसंबसं वाचलं. आता शिणवार म्हणत होता की लखमीची नजर वाईट आहे, ती भुताळी आहे, तिनेच नवऱ्याला खाल्लं. चांगल्या गाडीतून कोरड्या रस्त्यावरून माणूस ओढ्यात कसा जाईल? कोणीतरी ओढल्याशिवाय?

"भगताकडं नेणार म्हणतात. भगतानं एकदा भुताळी म्हणून नाव काढलं की मना कुठं जागा नाय. माहेरी पण नाय घेणार." तिने कप खाली ठेवला. "गाडीत काय बिघडलं होतं ते समद्यांसमोर काढून दाखवा. मग मी सुटंन."

भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "शिणवार येईल?"

"बोलवा तुमी. तुमचं ऐकंल."

ठरलेल्या दिवशी सकाळी भाऊंनी आंघोळ केली, मशीनला कुंकू लावलं, दसऱ्याला लावतात तसं. शिणवार आला, पाड्यावरचे जाणते म्हातारे बारकूबाबा आले, आणखी चार-पाच माणसं. लखमी मुलीला घेऊन आमच्या उंबऱ्यात आईजवळ बसली. नट गंजले होते, तेल घालून, ठोकून काढावे लागले. चाक निघालं, ब्रेक लावताना डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड निघाले, आणि तांबूस गंज चढलेली डिस्क भाऊंच्या हातात आली. त्यांनी ती घासून स्वच्छ केली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. दोरीला टांगली. पाना उचललेला त्यांचा हात मला दिसत होता, तो खाली यायला फार वेळ लागला.

डिस्क वाजली. इतकी स्वच्छ वाजली की रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला.

भाऊ मटकन खाली बसले. त्यांचे खांदे उतरले, तोंड उघडंच राहिलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पावसाळाभर मी त्यांचा चेहरा पाहिलाच नव्हता असं मला वाटलं, जणू ते आत्ता बाहेरगावाहून परत आले होते. मग उठून त्यांनी उजवं चाकही उघडलं, पाइप बघितले, तेल बघितलं. कुठे काही नव्हतं.

शिणवार हे सगळं उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "म्हंजे गाडी बरी होती."

"बरी होती," भाऊ म्हणाले. आवाजात आनंद होता. अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग माझा भाऊस कशानं गेला?"

एकेक करून सगळी माणसं आमच्या उंबऱ्याकडे वळली. लखमी उभी राहिली होती. मुलीला तिने छातीशी इतकं आवळलं होतं की मुलगी रडायला लागली. आईने तिचा पदर धरला, पण लखमीचं लक्ष रस्त्याकडे होतं, किती लांब पळता येईल असं बघितल्यासारखं. मी भाऊंकडे पाहिलं. आता त्यांना कळलं होतं. लोखंडाने त्यांना सोडलं होतं आणि त्याच क्षणी तिला धरलं होतं.

"थांबा," भाऊ म्हणाले. "अजून मापलेली नाही."

त्यांनी मायक्रोमीटर घेतला. मला हाक मारली नाही. चष्मा खिळ्याला टांगलेला होता, तोही घेतला नाही. पण मी त्यांच्या खांद्यामागेच उभी होते, सवयीने पुढे झुकले, आणि मला आकडा दिसला. डिस्क खुणेच्या वर होती. फिरवल्या दिवशी होती जवळजवळ तेवढीच.

"पातळ आहे," भाऊ म्हणाले.

बारकूबाबा पुढे आले. "वाजली तर चांगली."

"फुटली नाही म्हणून वाजते. पण खुणेच्या खाली गेलीये. पातळ बिडाला ताप सोसत नाही, बाबा. उतारावर सारखा ब्रेक लागतो, डिस्क तापते, तापली की पॅड धरत नाहीत. पाय कितीही दाबा, गाडी पुढेच." मग ते शिणवारकडे वळले. "त्याला नवी हवी होती. मी जुनीच फिरवून दिली. चूक माझी आहे. रमण माझ्यामुळे गेला."

पातळ डिस्कबद्दल ते बोलले ते सगळं खरं होतं. फक्त त्या डिस्कबद्दल खरं नव्हतं, आणि नवी तर भाऊंनाच हवी होती, रमणला नव्हे. तापली असती तर निळे डाग पडले असते, आणि ती भाऊंच्या हातात राखाडी, स्वच्छ होती. हे तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. भाऊंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी मान खाली घातली.

शिणवारने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. भाऊ मशीनवर आपटले, कोपर फुटलं, त्यांनी हात वर केला नाही. शिणवार पुन्हा धावला तेव्हा बारकूबाबांनी त्याला मागून कव घातली, आणि शिणवार तसाच त्यांच्या मिठीत मोठमोठ्याने रडायला लागला. रमण गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला असावा. मग बारकूबाबा म्हणाले, "मिस्त्रीनं आपल्या तोंडानं सांगितलं. आता कोणाचं नाव काढायचं नाय." आणि उंबऱ्याकडे वळून म्हणाले, "चल पोरी, घरी चल."

लखमी त्यांच्यामागून गेली. जाताना तिने एकदा वळून भाऊंकडे बघितलं.

दुपारी मी आईला सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती, तिचा हात थांबला. "नीट बघितलंस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "बाहेर बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर पण नको. आणि जा, त्यांना जेवायला बोलव, गार होईल." दुसऱ्या दिवशी भाऊ डिस्क पिशवीत घालून वरोरला गेले. मामांना म्हणाले, जरा होडीत घेऊन चला. परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. आता ती पुन्हा मापायला कोणालाच मिळणार नव्हती.

गाड्या आमच्याकडे यायच्या थांबल्या. पंपाचे शाफ्ट, बुश, नांगराचे फाळ, एवढ्यावर आमचं चाललं. बाजारात माझ्या कानांवर येईल अशा बेताने लोक बोलत, हाच तो, डिस्कवाला. भाऊ ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन डहाणूला आले. आई गेल्यावर भाऊंना माझ्याकडे आणलं. इथे चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून ते बसायचे. आणि हळूहळू एकेक गोष्ट त्यांच्या हातून निसटायला लागली. आधी माणसांची नावं, मग आई गेल्याचं, मग तलासरीचं दुकान विकल्याचं. रमण मात्र राहिला. एके दुपारी झोपेतून उठून त्यांनी मला विचारलं,

"कुंदा, किती पातळ होती गं ती?"

मला कळायला वेळ लागला. त्या दिवशी ते जे बोलले ते त्यांना आठवत होतं, आणि का बोलले ते आठवत नव्हतं.

"भाऊ, पातळ नव्हती ती. खुणेच्या वर होती. मी बघितलंय."

"मग मी तसं का म्हणालो?"

"लखमीसाठी म्हणालात. तिला वाचवायला."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग कीव आल्यासारखे हसले. "तू माझी मुलगी. तू असंच म्हणणार."

तेव्हापासून ते रोज चालू झालं. मी रोज खरं सांगे, ते रोज मान हलवत. कधी जेवता जेवता हात थांबे. कधी फाटकापाशी गाडी थांबली की खुर्चीतून उठायची धडपड करत, म्हणत, रमण आला, त्याला सांग नवी घालू. त्यांनी केलेली एवढी मोठी गोष्ट त्यांच्याच हातून गेली होती, आणि तिच्या जागी एक खून उरला होता, जो त्यांनी केलाच नव्हता. शेवटी मी कैनाडला निरोप धाडला.

लखमी आली. केस पांढरे झालेले, मुलगी बरोबर, मुलीचंही पोर कडेवर. भाऊंनी तिला ओळखलं. माझ्या मुलाला ओळखत नव्हते, तिला ओळखलं. खुर्चीतून उठता येईना, तिथूनच त्यांनी हात जोडले. "माझ्या हातून रमण गेला. मला माफ कर, बाई."

लखमी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "मिस्त्री, तुमी त्या दिशी बोललात म्हणून मी पाड्यावर राहिले. ही पोर माझ्या घरात मोठी झाली."

"पण रमण?"

"रमणचं मी बघते. तुमी नका बघू."

"माफ केलंस?"

"केलं," ती म्हणाली. भाऊंनी डोळे मिटले.

तिला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. एवढ्या वर्षांत मी तिला खरं सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं तर रमण कसा गेला हे तिच्या डोक्यात पुन्हा मोकळं सुटणार होतं, जसं माझ्या डोक्यात आजही आहे. रानशेतच्या त्या वळणावरून जाताना मी अजून बाहेर बघत नाही. मी तोंड उघडलं, तोच लखमीने माझ्या दंडाला हात लावला.

"मना लोखंडातलं काय कळत नाय, बाय," ती म्हणाली. "पण मी उंबऱ्यात बसून त्यांचं तोंड बघत होते. गाडी बरी होती म्हणाले तवाचं बघितलं, आणि मग आमच्याकडं बघून फिरले, तवाचं पण." तिने पदर सावरला. "पाड्यावर मी कवाच बोलले नाय. तू पण नको बोलू."

भाऊ त्यानंतर थोडेच दिवस होते. विचारायचं त्यांनी सोडलं नाही, लखमी येऊन गेल्याचंही त्यांना आठवेना. मी मात्र खरं सांगणं सोडलं. "किती पातळ होती गं?" त्यांनी विचारलं की मी जवळ बसून म्हणे, "असू दे, भाऊ. लखमीने माफ केलंय तुम्हाला."

"खरंच?"

"खरंच."

मग ते भिंतीकडे वळत आणि त्यांना झोप लागे.